कथकच्या कार्यक्रमासाठी पडद्यामागे किती माणसे लागतात?

प्रश्न: पुढील महिन्यात नाशिकच्या महाकवी कालिदास कलामंदिरात आमच्या वर्गाचा दीड तासाचा कार्यक्रम आहे. नाचणाऱ्या मुली 20, पडद्यामागे मात्र मी आणि एक पालक. कोणती कामे इतरांकडे सोपवावीत?

उत्तर 1: प्रथम रंगमंच व्यवस्थापक नेमावा, प्रकाश आणि ध्वनीचे संकेत क्रमाने लिहिलेली वही त्याच्याच हाती असावी आणि तिसरी घंटाही त्याच्याच सांगण्यावरून व्हावी. नृत्याला समोरच्या झोतापेक्षा विंगेतून, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या आडोशातून, येणारा आडवा प्रकाश अधिक मानवतो, कारण त्यात हातापायांची रेषा उठून दिसते. म्हणून प्रकाशयोजनाकाराला किमान एक संपूर्ण तालीम दाखवावीच.

उत्तर 2: कोणाच्याच यादीत नसलेले काम म्हणजे झाडू. आधीच्या नाटकाच्या नेपथ्याचे बारीक खिळे फटींत राहतात आणि कथक अनवाणी असते. आमच्या वेळी असे तीन खिळे निघाले होते, तेही पहिल्या घंटेनंतर. शिवाय सुई-दोरा, पिना आणि सुटे घुंगरू घेऊन एक जण विंगेत उभा ठेवावा.

उत्तर 3: ध्वनिमुद्रित संगीत असल्यास त्याची दुसरी प्रत जवळ बाळगावी.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. झाडू आजच यादीत लिहिला.