उत्तर: अमेरिकेचा इतिहास, ऑनलाइन

सनावळ्या आणि क्विझ यापलीकडे मुलीच्या ऑनलाइन कोर्समध्ये काही नाही, ही तुमची तक्रार रास्त आहे. व्हिडिओ दीडपट वेगाने पळवून क्विझ उरकता येते, आमच्याकडेही तेच चालतं! पण मूळ कागद, म्हणजे त्या काळचे कायदे आणि भाषणं, वाचायला लावा. उदाहरणार्थ, अमेरिकेत स्थलांतराचे कायदे. १९४६ च्या कायद्याने भारतीयांना अमेरिकेत स्थायिक होण्यासाठी वर्षाला जेमतेम १०० जणांचा कोटा मिळाला. देशवार कोटा पद्धत रद्द करणारा कायदा आला १९६५ मध्ये. ३ ऑक्टोबरला स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी त्यावर सही करताना राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन म्हणाले, हा काही क्रांतिकारक कायदा नव्हे, लाखोंच्या आयुष्यावर याचा परिणाम होणार नाही. घ्या! हे भाषण नेटवर फुकट आहे. ते वाचून तिला विचारा, आपलं कुटुंब इथे कोणत्या कायद्याने आलं?