बीटलच्या इंजिनात पावसाचं पाणी जातंय – मदत हवी आहे

मंडळी, पावसाळ्यात जुनी गाडी बाहेर काढू नये हे बाबांपासून मेकॅनिकपर्यंत सगळ्यांनी सांगून झालंय. तेवढा सल्ला सोडून बाकी काहीही सुचवा.

गाडी १९६८ ची फोक्सवॅगन बीटल, १५०० सीसी इंजिनवाली. इंजिन मागे, पेट्रोलची टाकी पुढे. पंपावरचा पोऱ्या अजूनही नळी घेऊन मागे जाऊन उभा राहतो. आधीच्या मालकाने हौसेने इंजिनावरचं झाकण बदलून आडव्या फटींचं बसवलंय. दिसतं झकास, पण माझं सगळं दुखणं तिथेच आहे.

गेल्या रविवारी ताम्हिणीला गेलो होतो. परतताना पौडच्या अलीकडे चहाला थांबलो आणि गाडीची पाठ नेमकी वाऱ्याकडे करून लावली. वीस मिनिटांनी सेल्फ मारला तर नुसती घरघर. झाकण उघडलं, तर फटींतून आलेलं पाणी डायनमोवर पागोळ्यांसारखं गळत होतं. प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची कॅप काढली, आतून घाम फुटल्यासारखी ओली. बायकोच्या ओढणीने पुसली (त्यावर घरी वेगळा धागा चालू आहे), तेव्हा कुठे गाडी सुरू झाली. तरी पुण्यापर्यंत मिसिंग मारत, अडखळतच आली.

दुसऱ्या दिवशी मी अतिशहाणपणा केला. झाकणाच्या फटींवर जाड प्लास्टिक चिकटवलं, आणि हात लागलाच आहे तर मागच्या काचेखालच्या फटीही बुजवून टाकल्या. चांदणी चौकाचा चढ संपेपर्यंत गाडीत तापलेल्या तेलाचा वास भरला. या इंजिनाला रेडिएटर नाही, पंखा ओढेल तेवढ्या हवेवरच ते थंड राहतं, हे मला पाठ आहे. तरी हे केलं. बाजूला घेऊन सगळं प्लास्टिक फाडलं.

आता प्रश्न असा, की हवा येऊ द्यायची आणि पाणी येऊ द्यायचं नाही हे जमवायचं कसं? नुसती कॅप आणि वायरी बदलून भागेल का?

प्रतिसाद:
आधी इंजिन नंबर बघा. डायनमोच्या स्टँडखाली कोरलेला असतो. एच ने सुरू होत असेल तर इंजिन १५०० चंच आहे, आणि तुमच्या सालच्या बंद टपाच्या बीटलला कंपनीने झाकणावर फटी दिल्याच नव्हत्या. ते इंजिन काचेखालच्या फटींतून येणाऱ्या हवेवरच चालायचं. म्हणजे तुम्ही बुजवू नये ते बुजवलंत! साधं झाकण मिळालं तर ते परत बसवा, विषय संपला.

नाही मिळालं तर झाकणाला आतून पन्हळ करा. उघड्या टपाच्या बीटलला फटींचं झाकण असायचं, त्याला आत असाच पत्रा असे. पत्रा फटींपासून थोडा लांब ठेवायचा, वरच्या बाजूने हवा आत यायला जागा सोडायची, आणि खाली पाणी साठेल तिथे नळी लावून ते बाहेर काढायचं. इंजिनाभोवतीचं रबरही तपासा. ते कडक होऊन तुटलं असेल तर पाणी चाकांवरूनही उडतं, शिवाय खालची गरम हवा वर येऊन इंजिन तापतं ते वेगळंच.

कॅपला चीर गेली असेल तर बदला, पण पाणी वरून पडत राहिलं तर नवी कॅपही ओलीच होणार. आणि एअर क्लीनर जुना, तेलाच्या वाटीचा असेल तर वाटी उघडून बघा. तेल दुधाळ दिसलं, म्हणजे त्यात पाणी गेलं असेल, तर ओतून टाका.

धागाकर्ता:
दादा, नंबर एचनेच सुरू होतोय. आणि वाटीतलं तेल अगदी चहासारखं झालं होतं!

साधं झाकण अजून मिळालेलं नाही. एका पत्र्याच्या दुकानातून ॲल्युमिनियमची पट्टी वाकवून आणली, पन्हळ लावली. तांब्याने फटींवर पाणी ओतून बघितलं, डायनमो कोरडा. खूश होऊन गाडी चालू ठेवली आणि पुन्हा पाणी ओतलं, तर मागून ढगासारखी वाफ. शेजारचे काका बादली घेऊन धावत आले. नळीचं तोंड सायलेन्सरवर आलं होतं.

आता ती नळी नेमकी कुठून बाहेर काढू?

प्रतिसाद:
डाव्या किंवा उजव्या कडेने, बंपरच्या आतून खाली. सायलेन्सर गाडीच्या रुंदीभर आडवा आहे, त्यामुळे त्याच्या टोकाच्याही पुढे न्या आणि क्लिपने बांधा, नाहीतर धक्क्याने परत आत येते. काकांची बादली तोवर परत देऊ नका.