शाळांचे निकष दिल्लीने ठरवावेत का?

धुळाक्षर: महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी अनिवार्य करणारा शासन निर्णय १६ एप्रिल २०२५ चा. १७ जूनला 'अनिवार्य' जाऊन 'सर्वसाधारणपणे' आलं, २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द. शिव्या मात्र केंद्राच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला. २०२० चं धोरण म्हणतं, कुठल्याही राज्यावर कुठलीही भाषा लादली जाणार नाही. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तिसरी भाषा सहावीपासून आहे. पहिलीचा हट्ट मुंबईचा. राष्ट्रीय चौकट हवीच, निदान राज्य कुठे घसरलं ते दाखवता तरी येतं.

उंबरठा: सपशेल असहमत. चौकट कागदावर सल्ला असते, तिजोरीपाशी आली की हुकूम होते. समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय योजनेत बहुतेक राज्यांत केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४०. तमिळनाडूने पीएमश्रीच्या करारावर सही केली नाही. ती योजना निवडक शाळांची, पण करारात सगळं धोरण राज्यभर राबवायची अट. परिणाम: समग्र शिक्षाचे २०२४-२५ चे २,१५२ कोटी अडकले. शिक्षण हक्क कायद्याखालच्या खाजगी शाळांतल्या २५ टक्के मोफत प्रवेशांची प्रतिपूर्तीही त्यातच. १९७६ साली ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती (केंद्र-राज्य दोघांच्या) सूचीत गेलं, त्याचं हे व्याज.

धुळाक्षर: पैसे अडवणं चूकच. पण तो दोष कराराचा. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ७(६) अभ्यासक्रमाबाबत केंद्राला फक्त आराखडा करायला सांगतं. कलम २९ नुसार अभ्यासक्रम आणि मूल्यमापन ठरवणारं प्राधिकरण समुचित शासन नेमतं, म्हणजे राज्याच्या शाळांसाठी राज्यच. किल्ली आपल्याकडे आहे.

उंबरठा: आणि त्या किल्लीने काय उघडलं? जूनच्या निर्णयात हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी तर इयत्तेत किमान २० मुलांची मागणी लागणार होती. वाडीवस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत चार वर्ग मिळून पट वीस होत नाही! (ही अट राज्याचीच, केंद्राची नाही, हे कबूल.)

पाटीपेन्सिल: भाषेच्या भांडणात खरं मानक बाजूला राहिलं. निपुण भारत या केंद्राच्या पायाभूत वाचन-गणित अभियानाचं लक्ष्य बघा: दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द वाचणं, तिसरीला किमान ६०. पण शब्द म्हणजे काय? हिंदीत 'स्कूल के बच्चों के लिए' पाच शब्द, मराठीत 'शाळेतल्या मुलांसाठी' दोनच. आपली विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, त्यामुळे तेवढेच शब्द वाचायला मराठी मुलाला जास्त अक्षरं ओलांडावी लागतात. तमिळ, मल्याळममध्ये शब्द आणखी लांब. निपुण आलं २०२१ मध्ये. वीस भाषांचं वेगवेगळं मोजमाप केंद्राच्या २०२२ च्या पायाभूत अध्ययन सर्वेक्षणात झालं. आधी आकडा, मग मोजणी!

धुळाक्षर: म्हणजे केंद्रानेच दुरुस्ती केली की.

पाटीपेन्सिल: केली, पण उलट्या क्रमाने. अनोळखी उतारा द्यायचा, एक मिनिट वाचून घ्यायचं, चुकलेले शब्द वजा करायचे, लगेच त्यावर प्रश्न विचारायचे. ज्या वेगाला बहुतेक उत्तरं बरोबर येतात, तो त्या भाषेचा निकष. प्रश्न गाळले की वर्गात घड्याळ लावून नुसती पळापळ होते, मूल 'घरामागच्या' वाचतं आणि घरामागे काय होतं ते सांगू शकत नाही.

उंबरठा: आणि उतारे?

पाटीपेन्सिल: मराठीत लिहिलेले हवेत, हिंदीवरून उतरवलेले नकोत. ते काम कलम २९ खाली राज्यालाच करता येतं, त्यासाठी दिल्लीची सही लागत नाही.