मदत हवी आहे: पदवीनंतर कॉयर कंडक्टिंगचं पुढचं शिक्षण, की आधी शाळेत शिकवणं?

नमस्कार मंडळी. संगीताची पदवी नुकतीच हातात पडली आहे आणि मला कॉयर कंडक्टिंग, म्हणजे वृंदगायनाचं संचालन, हेच काम आयुष्यभर करायचं आहे. अडचण अशी की पियानो वाजवणाऱ्याला एकट्याने रियाज करता येतो. कंडक्टरचं वाद्य म्हणजे समोरची 30-40 माणसं. ती रोज आणायची कुठून?

सध्या मुलांच्या एका वृंदाला आठवड्यातून 2 दिवस शिकवते. परवा आल्टोचा, म्हणजे खालच्या पट्टीत गाणाऱ्या मुलांचा, सूर सारखा उतरत होता. मी हात आणखी जोरात हलवत राहिले, काही फरक पडेना. मग हात खाली घेतले, मुलांबरोबर नुसता खोल श्वास घेतला, आणि पुढची ओळ सुरात आली! हे मला पदवीच्या वर्गात उमगलं नव्हतं.

म्हणून मनापासून विचारते. लगेच पदव्युत्तरला जावं, की 2-3 वर्षं शाळेत शिकवून मग? प्रवेशासाठी तालमीचं चित्रीकरण मागतात, त्यात मुलांचा वृंद चालतो का? की सोप्रानो, आल्टो (स्त्रियांचे उंच आणि खालचे), टेनर, बास (पुरुषांचे उंच आणि खालचे) असे चारही आवाज हवेतच? कोदाय पद्धतीतल्या, म्हणजे गाण्यातून संगीत शिकवण्याच्या हंगेरियन पद्धतीतल्या, स्वर दाखवणाऱ्या हस्तमुद्रा (मूळच्या इंग्लंडचे संगीतशिक्षक जॉन कर्वेन यांच्या) मी स्वतःच वाचून शिकले आहे. रीतसर प्रशिक्षण घेतलं तर शिक्षकाच्या नोकरीत खरंच फरक पडतो का?

या वाटेने गेलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा. पहिला स्वतःचा वृंद तुम्ही कसा जमवलात, हेही.