सामाईक सडा चिरेखाणीला द्यायचा का? जागेत कातळशिल्प आहे

डोंबिवलीचा_राजापूरकर
नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात गावाच्या वर सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, आमची जमीन आहे, सामाईक, सातबाऱ्यावर अकरा नावं आणि त्यातले चार तर वारलेत. तिथे पिकत काहीच नाही, पूर्वी गुरं चरायची. आता एक चिरेखाणवाला (जांभ्या दगडाचे चिरे कापून काढणारा) मागे लागलाय, जागा वापरायला द्या म्हणतो, गावातला चुलतभाऊ, आमचा दादा, एका पायावर तयार आहे. घोळ असा की त्या कातळावर एक मोठा मासा खोदलेला आहे आणि बाजूला कसल्यातरी चौकटी, आजी म्हणायची पांडवांनी एका रात्रीत काढलं. लहानपणी मे महिन्यात आम्ही संध्याकाळी त्यावर कळशीभर पाणी ओतायचो म्हणजे रेघा उठून दिसायच्या, मग शेपटीपासून तोंडापर्यंत त्या चरातून चालत जायचं, पाय बाहेर पडला की आउट. खाणवाला म्हणतो चित्राभोवती दहा फूट सोडतो. दादा म्हणतो तू गणपतीत चार दिवस येणार, तुझं काय जातंय. आणि सरकारला कळवलं तर जमीन कायमची अडकते असं गावात सगळे म्हणतात. काय करू?

हापूसवाला
अजिबात देऊ नका. आमच्या शेजारी खाण सुरू झाली आणि मोहोरावर लाल धूळ बसायला लागली, मशीनचा आवाज सकाळपासून डोक्यात. काम संपल्यावर खाणवाला गेला, खड्डा राहिला. पावसात त्यात पाणी भरतं, गुरं पडायची भीती.

सड्याखालची_वाडी
हापूसवाले, राग मानू नका पण कलमं लावायला सुरुंग घालून कातळात खड्डे कोणी पाडले हो? तेव्हा किती चित्रं फुटली कोणाला माहीत, तेव्हा कोणाच्या डोक्यातच नव्हतं.
मूळ प्रश्नाबद्दल, तुम्ही चित्राचं विचारलंत, मी पाण्याचं बोलते. सडा वरून उजाड दिसतो पण जांभा स्पंजासारखा आहे, पावसाचं पाणी आत मुरतं, खाली मातीचा थर लागला की आडवं सरकतं आणि वाडीतल्या विहिरीला येतं. आमच्या वर खाण झाली त्यानंतर विहीर मार्चअखेरीस तळ दाखवायला लागली, पूर्वी मे काढायची. आता टँकरची वाट बघतो. हे सिद्ध करून दाखव म्हटलं तर मला जमणार नाही, पण विहीर तर माझीच आहे ना. आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वर जाऊन बघा एकदा, सीतेची आसवं फुलतात तेव्हा अख्खा सडा जांभळा होतो. गणपतीला येताच आहात.

कातळवेडा
थोडी माहिती देतो. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे वगैरे मंडळींनी वर्षानुवर्षं सडे पालथे घातले, गुराख्यांना विचारत फिरले, म्हणून ही चित्रं बाहेर आली. 2022 मध्ये कोकणातली नऊ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली, तुमच्या तालुक्यातलं बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ त्यात आहे, कशेळीचा हत्ती तर साधारण 18 मीटर लांब. गेंडा, पाणघोडा असे आज कोकणात औषधालाही न सापडणारे प्राणी या चित्रांत आहेत. बारसूच्या सड्यावर रिफायनरी आणायची म्हणून 2023 मध्ये माती परीक्षण झालं तेव्हा केवढं रान उठलं ते टीव्हीवर बघितलंच असेल. पण रिफायनरीच्या बातम्या होतात, चिरेखाणीच्या होत नाहीत, आणि सडे रोज खाते ती खाणच.
जमीन अडकण्याची भीती अगदीच खोटी नाही. केंद्र संरक्षित स्मारक असेल तर 100 मीटरपर्यंत बंदी आणि पुढे 200 मीटर परवानगीची भानगड. पण नुसतं कळवलं म्हणून दुसऱ्या दिवशी स्मारक होत नाही. उक्षीला गावाने पुढाकार घेतला, तिथल्या कोरलेल्या हत्तीभोवती कठडा आहे, लोक बघायला येतात. सगळीकडे तसं होईलच असं नाही, चार गाड्या आल्या म्हणून कोणाचं घर चालत नाही. आधी फोटो काढा, मापं घ्या, लोकेशन घ्या, तहसीलला आणि रत्नागिरीच्या पुरातत्त्व कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. दहा फुटांवर कटर चालला तर कातळाला तडा जाणार नाही याची हमी कोण देणार?

चाकरमानी_नाही
सगळे ज्ञान देतायत. दादाला किती पैशांची गरज आहे आणि कशासाठी, हे विचारलंत का? मुलीचं कॉलेज असेल, घराची कौलं असतील. तुम्ही दहा नावं मिळून वर्षाला काही काढून दिलंत तर तो मासा जपेल, नाहीतर वारसा जपायचा ठेका गावात राहणाऱ्यानेच घेतलाय का?

डोंबिवलीचा_राजापूरकर
शेवटचं वाचून जरा लागलं, पण काल रात्री दादाला फोन केला. बोअर मारायचीय त्याला, विहीर आटते म्हणून. सड्याखालची_वाडी यांचा मेसेज वाचून दाखवला तर बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, दहा फूट सोडतो ते लेखी दे असं मी खाणवाल्याला सांगितलं, दोन दिवस झाले फोन उचलत नाहीये. बोअरचे पैसे भावकीत किती जमतायत बघतो. शनिवारी गावी जातोय, टेप घेऊन.