ऑर्गन आणि ऑर्केस्ट्रा नीट ऐकायचाय, काय घेऊ? बजेट ७ हजार (नाशिक)

द्राक्षमळा:
मंडळी नमस्कार. पाश्चात्त्य संगीतातलं मला काही कळत नाही हे आधीच सांगतो. आमच्या घरात भजनी मंडळाच्या पेटीपलीकडे काही वाजलेलं नाही. पण गेल्या पावसाळ्यात ऑलिव्हिए लात्री ह्या फ्रेंच ऑर्गनवादकाचं अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राबरोबरचं रेकॉर्डिंग हाती लागलं आणि तेव्हापासून दुसरं काही ऐकवत नाही. २००६ साली तिथल्या व्हेरायझन हॉलमध्ये नवा पाइप ऑर्गन बसवला, जवळपास सात हजार पाइपांचा, तेव्हाची ही मैफल. कंडक्टर (छडीने ऑर्केस्ट्राला चालवणारा) क्रिस्टॉफ एशेनबाख. बार्बर, पुलँक आणि सँ-साँस, तिघा संगीतकारांची एकेक रचना.

बार्बरच्या रचनेत (तोकाता फेस्तिवा, १९६०) एक जागा आहे. अख्खा ऑर्केस्ट्रा थांबतो, वादकाचे हातही मोकळे, आणि नुसत्या पायांनी वाजवणं सुरू होतं. बाकाखाली लाकडी पट्ट्यांची मोठी ओळ असते, ती टाचेने आणि चवड्याने वाजवायची, खाली न बघता. तबलजी बोटांच्या ज्या सफाईसाठी जन्म घालवतो ती ह्या माणसाच्या टाचेत आहे हो! सँ-साँसच्या सिम्फनीत (ऑर्केस्ट्रासाठीची मोठी, अनेक भागांची रचना) बरोबर उलटं. तिथे ऑर्गन पहिल्यांदा येतो तो इतका हळू, की आलाय हे उशिरा कळतं. आणि शेवटच्या भागाच्या तोंडाशी तो दणकट सी मेजर, म्हणजे अनेक सूर एकदम दाबून केलेला भरगच्च नाद. इतका मोठा आवाज हाताखाली असताना आधी एवढा वेळ धरून ठेवणं, मला तर त्यातच त्याची उस्तादी दिसते.

अडचण अशी की लॅपटॉपवर आणि फोनबरोबर आलेल्या इयरफोनवर खालचे सूर येतच नाहीत. लोक लिहितात, छाती हलते. माझं काहीच हलत नाही. स्पीकर, हेडफोन, काहीही सुचवा. बजेट ७ हजार, वर एक रुपया नाही. इंदिरानगरला फ्लॅट आहे, खालच्या मजल्यावरच्या आजी दुपारी झोपतात.

कॉलेजरोड_किंग:
७ हजारात भाऊ फक्त वायर येते. स्पष्ट बोलतो, राग मानू नको. मी टॉवर स्पीकरची जोडी आणि अ‍ॅम्प्लिफायर मिळून ४५ हजारांत बसवलं, हप्त्यावर. घरी येऊन ऐक म्हणजे कळेल. एकदाच घ्यायचं ते नीट घे, रडत रडत तीनदा घेण्यापेक्षा.

द्राक्षमळा:
बजेट ७ हजार.

कॉलेजरोड_किंग:
हो वाचलं. म्हणूनच हप्ता म्हटलं.

सातपूर_सेकंड_शिफ्ट:
आधी नेमकं काय ऐकायचंय ते आकड्यांत बघ. ऑर्गनचा १६ फुटी उघडा पाइप साधारण ३२ हर्ट्झचा (सेकंदाला तेवढी कंपनं) सूर देतो, ३२ फुटी पाइप साधारण १६ चा. माणसाचा कान २० च्या आसपास हात टेकतो, त्याखालचं अंगाला जाणवतं. बाजारातले छोटे ब्लूटूथ स्पीकर ६०–७० च्या खाली नुसतं नाटक करतात. तो सूर येतच नाही, वरचे उपस्वर ऐकून मेंदू खालचा कल्पनेने भरून घेतो. म्हणून तुझं काही हलत नाही.

७ हजारात, फ्लॅटमध्ये, खाली आजी: बंद कपांचा, कान पूर्ण झाकणारा, वायरचा हेडफोन. माझ्याकडे ऑडिओ-टेक्निका एम२०एक्स आहे, ५ च्या आसपास बसला होता, आता भाव बघून घे. छाती हलणार नाही, पण सूर खरा येईल. चष्मा आहे का? काडीमुळे गादी कानाला चिकटत नाही आणि फटीतून सगळा बास, म्हणजे खालचे सूर, निघून जातो. बारीक काडीचा चष्मा घाल नाहीतर काढून ऐक. आणि बास बूस्टचं बटण दाबू नकोस, व्हायोलिनं चिखलात जातात.

गोदाकाठची_पेटी:
कशाला परदेशात जायचं? ऑर्गन आपल्या संगीत नाटकाने पिढ्यान्‌पिढ्या वाजवलाय. कालिदास कलामंदिरात पुढच्या रांगेत बसून नाट्यपदांना ऑर्गनची साथ ऐका, फुकटात छाती हलेल. आमच्या आजोबांकडे पायाने भात्याचा ऑर्गन होता, अजून माळ्यावर आहे. विकायचा नाही, विचारू नये.

सातपूर_सेकंड_शिफ्ट:
काका, तो रीड ऑर्गन. त्यात पाइप नसतात, पितळी पत्त्या असतात. अमेरिकन धाटणीचा असेल तर पायाने हवा ओढून घेतो, आपली पेटी हवा बाहेर ढकलते. पाइप ऑर्गन म्हणजे शिट्ट्यांचं अख्खं घर. वाजवायची पद्धतही निराळी.

गोदाकाठची_पेटी:
मला शिकवू नका. पत्ती असो नाहीतर पाइप, सूर धरायला गळाच लागतो. आकाशवाणीनेही असंच शास्त्र सांगत १९४० पासून १९७१ पर्यंत पेटी दाराबाहेर ठेवली होती. काय झालं शेवटी? घेतलीच ना आत.

कॉलेजरोड_किंग:
ह्याचा स्पीकरशी काय संबंध?

शरयूमावशी:
अरे, रेकॉर्डिंगवर पैसे घालवू नकोस. मुंबईला जा. एनसीपीएला (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, २००६ पासून. वर्षातून दोन हंगाम असतात त्यांचे. समोर सत्तर-ऐंशी माणसं एका श्वासात वाजवताना बघितलीस की हेडफोन विसरशील. मी लेकीकडे गेले की जातेच. फक्त एक लक्षात ठेव, मैफल संध्याकाळची असते आणि आपली पंचवटी एक्स्प्रेस मुंबईहून सहाच्या सुमारास निघते. म्हणजे मुक्काम आला किंवा रात्रीची गाडी. मुक्कामाचा खर्च धरून बजेट जरा वाढव.

आणि पाइप ऑर्गन डोळ्यांनी बघायचा असेल तर फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये आहे. १७१८ चं चर्च ते. तिथे बाकावर बसून वर बघत राहायचं.

दिंडोरीचा_पप्पू:
मी सांगतो माझं. होम थिएटर घेतलं होतं मेन रोडवरच्या एका दुकानातून, सबवूफरसकट, साडेसहा हजार. दुकानदार म्हणाला जमीन हादरेल. हादरली, पण सगळ्यांना एकच सूर. ढोल असो, ट्रक असो, ऑर्गन असो, सबवूफर आपला ‘भुम्म’. गाणं बंद केलं तरी घरघर चालू. परत न्यायला गेलो तर म्हणे अर्थिंग तुमचं खराब. इलेक्ट्रिशियन आणला, अर्थिंग ठणठणीत. आता गोठ्यात लावलंय, म्हशींची तक्रार नाही.

एमजीरोड_फिरस्ता:
हेडफोन घ्या. कान झाकणारा. वायरचा.

सातपूर_सेकंड_शिफ्ट:
हेच वर लिहिलंय.

एमजीरोड_फिरस्ता:
मग बरोबरच आहे ना.

तबकडीवाला:
लात्री उत्तम, वाद नाही. पण सँ-साँसची तिसरी सिम्फनी म्हटलं की आमच्या पिढीला बॉस्टनच्या ऑर्केस्ट्राचं रेकॉर्डिंग. शार्ल म्युन्श कंडक्टर, ऑर्गनवर बर्ज झामकोचियन, १९५९. माझ्याकडे तबकडी आहे, जुन्या बाजारात मिळाली, आज कोणी पाचपट दिले तरी देणार नाही. टर्नटेबल घे, सेकंड हॅंड. सुई वेगळी, प्रीअ‍ॅम्प (सुईचा बारीक आवाज वाढवणारा डबा) वेगळा. एकदा तबकडीवर ऐकलंस की हे डिजिटल फिजिटल नको होईल.

तुला सवय नाही म्हणून माहिती देतो. ही सिम्फनी लंडनच्या फिलहार्मोनिक सोसायटीने मागितलेली. १८८६ च्या मे महिन्यात तिथेच पहिल्यांदा वाजली, संगीतकार स्वतः कंडक्टर. त्याच वर्षी जुलैत लिस्ट हा संगीतकार गेला आणि मग ती त्याच्या स्मृतीला वाहिली.

फक्त कंडक्टर बॅरेनबॉइमच्या शिकागोवाल्या रेकॉर्डच्या वाटेला जाऊ नकोस. ऑर्केस्ट्रा शिकागोत आणि ऑर्गन फ्रान्समध्ये शार्त्रच्या कॅथीड्रलमध्ये, दोन्ही वेगवेगळे मुद्रित करून चिकटवलेत. फसवणूक आहे सरळ.

द्राक्षमळा:
काका, तेही ऐकलं मी, तुम्ही नको म्हणायच्या आधीच. त्यात ऑर्गनवर गास्तों लितेझ आहेत आणि ते दृष्टिहीन होते. समोर ऑर्केस्ट्रा नाही, कंडक्टर नाही, तो असता तरी दिसला नसता, आणि दुसऱ्या खंडात वाजून गेलेल्या वाजवण्यात नेमका आपला सूर बसवायचा. फसवणूक म्हणा हवं तर. मला ते ऐकून हात जोडावेसे वाटले.

तबकडीवाला:
भावनेत वाहून जाऊ नये. संगत म्हणजे एकत्र बसून केलेली. एक गायक इथे आणि तबला पुण्याला, चालेल?

दिंडोरीचा_पप्पू:
सिनेमाची गाणी तशीच होतात काका आता.

तबकडीवाला:
म्हणूनच तशी होतात.

सातपूर_सेकंड_शिफ्ट:
एकत्र बसलं तरी ऑर्गनवाल्याला ‘एकत्र’ मिळतच नाही, ही त्यातली खरी गंमत. पाइप वादकापासून ३० मीटर लांब असले तर आवाज यायलाच सेकंदाचा जवळपास अकरावा भाग जातो. त्यात मोठा पाइप बोलायला वेळ घेतो. म्हणजे कंडक्टरची छडी पडायच्या किंचित आधी पट्टी दाबायची, आणि स्वतःचा उशिरा येणारा आवाज कानाआड करायचा. बऱ्याच ठिकाणी कंडक्टर वादकाच्या पाठीमागे असतो, तो आरशात नाहीतर छोट्या पडद्यावर बघायचा. शिवाय हॉलमध्ये गरम झालं की पाइपांचा सूर चढतो. ऑर्गनच्या कानपिळ्या ऐनवेळी पिळता येत नाहीत, म्हणून बाकी सगळ्यांनी त्याच्याशी जुळवून घ्यायचं. आमच्या कंपनीत एअर लाइनचा दाब जरा पडला तर आरडाओरडा होतो, आणि हे लोक हवेवर सिम्फनी वाजवतात.

शरयूमावशी:
हे छान सांगितलंस. मला वाटायचं तो बिचारा कोपऱ्यात बसून वाजवतो, मान कोणी देत नाही.

गोदाकाठची_पेटी:
साथीदाराला मान कधी कोणी दिलाय.

द्राक्षमळा:
लात्रींना आहे मावशी. १९८५ पासून ते पॅरिसच्या नोत्र-दामचे ऑर्गनवादक आहेत, तेव्हा तेवीस वर्षांचे होते. २०१९ च्या आगीत छप्पर गेलं पण ऑर्गन वाचला. शिशाची धूळ बसली होती, उतरवून साफ केला. डिसेंबर २०२४ मध्ये चर्च उघडलं तेव्हा आर्चबिशपांनी ऑर्गनला आठ वेळा हाक घातली आणि प्रत्येक हाकेला वरून वाजवून उत्तर. लात्री आणि त्यांचे तीन सहकारी, आधी लिहिलेलं काही नाही, जागच्या जागी सुचेल ते. मला पहिल्यांदा वाटलं हे आपल्याकडचंच आहे. त्यानंतर मग बाख ह्या जुन्या जर्मन ऑर्गनवादक-संगीतकारापासून बघत आलो तर तिथेही तेच, ऑर्गनवादक अजूनही उपज करतात, नुसता कागद वाजवत नाहीत.

असो. सल्ल्यांबद्दल आभार. एम२०एक्स एका मित्राचा आणून ऐकला. सातपूरकरांचं बरोबर आहे, चष्मा काढल्यावर बार्बरमधला तो पायांचा तुकडा पहिल्यांदा नीट कळला, कुठे टाच आणि कुठे चवडा इतकं. पण मी हेडफोन घेत नाहीये.

एमजीरोड_फिरस्ता:
मग काय घेतोयस?

द्राक्षमळा:
काहीच नाही. पिंपळगाव बसवंतला मामाचं द्राक्षाचं पॅकिंग शेड आहे. हंगामाला वेळ आहे, रिकामंच पडलंय. आमच्या मंडळाचा साउंडवाला गणपती झाल्यापासून मोकळा बसलाय. त्याच्याकडे अठरा इंची बास बिनच्या (डीजेचे मोठे खोके-स्पीकर) दोन जोड्या आहेत. एका संध्याकाळचे अडीच हजार ठरवलेत, टेम्पो धरून. येत्या शनिवारी सात वाजता आख्खं लात्री लावणार, दहाच्या आत बंद. उरलेल्या पैशांत जनरेटरचं डिझेल आणि आलेल्यांना मिसळ.

सातपूर_सेकंड_शिफ्ट:
अरे बाबा. डीजेचे बिन मोठ्या आवाजासाठी असतात, खोल आवाजासाठी नाही. ४० च्या खाली कोसळतील. १६ हर्ट्झ सोड, ३२ सुद्धा नीट येणार नाही. आणि शेडला पत्रा आहे का? सगळं छप्पर खडखडेल.

द्राक्षमळा:
पत्राच आहे. खडखडू दे. हेडफोनमध्ये मी एकटा ऐकतो आणि नंतर कोणाला सांगायला गेलं की समोरचा तोंडाकडे बघतो. मामा म्हणाला, ‘तो पायाने वाजवणारा’ ऐकव एकदा. भजनी मंडळही येतंय.

तबकडीवाला:
सँ-साँस डीजेच्या भिंतीवर? परमेश्वरा.

शरयूमावशी:
मी येते. नाशिकरोडहून कोणाची गाडी निघतेय का? खुर्ची असेल ना, मला खाली बसवत नाही.

दिंडोरीचा_पप्पू:
मावशी, मी घेतो तुम्हाला, द्वारका चौकात थांबा. मिसळ काळ्या रश्श्याची असेल तर आधी सांगा, आई पण येईल.

गोदाकाठची_पेटी:
मध्यंतर ठेवणार असाल तर दोन नाट्यपदं मी म्हणेन. ऑर्गन माळ्यावरून काढावा लागेल, चार माणसं पाठवा.

सातपूर_सेकंड_शिफ्ट:
माझी त्या दिवशी फर्स्ट शिफ्ट आहे, तीनला सुटतो. साउंडवाल्याला सांग मी येईपर्यंत इक्वलायझरला हात लावू नको. आणि पत्र्याचे नट आवळून घ्या, दहाचा पाना मी आणतो.

कॉलेजरोड_किंग:
माझे टॉवर आणू का?

द्राक्षमळा:
आण. टेम्पोचं भाडं तुझं.