पोकळ म्हणजे जास्त वाहक? नेहमीच नाही
या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय की अतिसूक्ष्म नळ्यांसारख्या पोकळ रचनेत पृष्ठभाग जास्त, म्हणून वीजही जास्त वाहते. पहिला भाग मान्य, दुसरा नाही. टिटॅनियम डायऑक्साइडसारख्या एन-टाइप (म्हणजे ज्यात वीज इलेक्ट्रॉन वाहून नेतात अशा) ऑक्साइडला हवेतला ऑक्सिजन चिकटला की तो इलेक्ट्रॉन ओढून घेतो. भिंत जितकी पातळ, तितका तिचा मोठा हिस्सा इलेक्ट्रॉनविना रिता होतो आणि रेझिस्टन्स उलट वाढतो. हवेतल्या वायूने रेझिस्टन्स असा हलणं, गॅस सेन्सरवाल्यांना नेमकं हेच हवं असतं म्हणा.

मोजमापाबद्दल इथे कुणी बोललंच नाही. आम्ही टिटॅनियमच्या पत्र्यावर अ‍ॅनोडायझिंगने (द्रावणात वीज सोडून धातूवर ऑक्साइडचा थर चढवणे) ऑक्साइडच्या नळ्या वाढवायचो: एथिलीन ग्लायकॉल, चिमूटभर अमोनियम फ्लोराइड, 2 टक्के पाणी, 60 व्होल्ट. मग 450 अंशांवर भट्टीत, अ‍ॅनाटेज (टिटॅनियम डायऑक्साइडचं एक स्फटिकरूप) होण्यासाठी. वरून सिल्व्हर पेस्टचा ठिपका लावला आणि मीटरवर जेमतेम काही ओहम! दोन दिवस खूश होतो. मग कळलं, थराला पडलेल्या भेगांतून पेस्ट थेट खालच्या पत्र्याला टेकली होती. आम्ही धातूच मोजत होतो. पुढे सोन्याचा पातळ ठिपका चढवला. तरी पावसाळ्यात सकाळचं रीडिंग संध्याकाळी जुळेना, कारण नळ्या दमट हवा पितात. मोजण्याआधी नमुना 120 अंशांवर तासभर तापवा आणि अंधारात मोजा, उजेडानेही आकडा हलतो.